बिननंबरी ठोकळा

कंपनीच्या संग्रहालयात जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सगळे अस्सलराव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. गाडीचा आरसा हातात दिला की तो आधी उलटा करून पाठीमागचा शिक्का बघायचा, मग आरशात. घरी चहाचा कप रिकामा झाला की त्याचाही तळ तपासून व्हायचा. "लग्नाच्या वेळी मला उलटी करून शिक्का शोधला नाहीत, हेच माझं नशीब," असं त्याची बायको चारचौघांत म्हणायची आणि तो मनापासून हसायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त एखादी गोष्ट एकदा त्याला खोटी वाटली की वाटली. मग ब्रह्मदेव आला तरी तो ऐकायचा नाही.

या हट्टाला कारणही होतं. कंपनीत पहिल्यापासून एक शिस्त होती. जो भाग आपल्या कारखान्यात बनला, त्याच्यावर नंबर ठोकलेला असणार, मग ते सिलिंडरचं डोकं असो नाहीतर राखदाणीचं झाकण. जुनी माणसं तर बोलताना भागांची नावंच घेत नसत, नुसते नंबर घेत. अस्सलरावची उभी हयात त्या नंबरांत गेली होती. ज्याच्यावर नंबर नाही ते आमचं नाही, एवढा एकच कायदा तो पाळायचा आणि दुसऱ्यांना पाळायला लावायचा.

संग्रहालयाच्या लांबलचक दालनात कंपनीचा इतिहास चाकांवर उभा होता. मुळात हे लोक पाण्याचे पंप बनवणारे. मालकाला पक्ष्यांचं वेड आणि त्याच्या मुलाला मोटारींचं, असं दुहेरी खूळ घरात शिरलं आणि पंपाच्या इंजिनाला तीन चाकं लागली. ती पहिली गाडी म्हणजे टिटवी. पाव आणि दूध पोचवायला लोक ती घ्यायचे, आणि तिच्या भोंग्याने अख्खी गल्ली उठून बसायची. मग आली चिमणी. चार माणसांची, मागे छोटंसं इंजिन, पुढे नाकात सामान ठेवायची जागा. त्या काळी इंजिन मागे टाकायची टूमच होती; स्वस्त पडायचं आणि आत ऐसपैस बसता यायचं. सुईणी, मास्तर, टपालवाले, सगळे चिमणीतून फिरले. चिमणीने कंपनीला बरकत दिली आणि बरकतीने मालकांच्या डोक्यात हवा गेली. त्यातून राजहंस जन्माला आला. लांबच लांब, घटाघटा पेट्रोल पिणारा आणि कुठल्याही गल्लीत न वळणारा. त्याने कंपनी जवळजवळ बुडवलीच.

तेव्हा घाईघाईत, हाताशी होतं त्यातून, ससाणा बनवला गेला. सांगाडा चिमणीचाच. त्यावर दोन माणसांचं बसकं, देखणं अंग, आणि मागे राजहंसाचं अर्धं केलेलं इंजिन. तरुण मंडळी वेडी झाली. कंपनी तरली. आजही तिचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो निळा ससाणाच.

यातला अगदी पहिला, नमुना म्हणून बनवलेला ससाणा मात्र इतकी वर्षं गोदामात ताडपत्रीखाली पडून होता. घाटात चाचणी घेताना त्यात एक चालक दगावला होता, एवढंच लोकांना ठाऊक होतं. कंपनीच्या छापील इतिहासात त्यावर अर्धी ओळ होती, तीही 'दुर्दैवाने' या शब्दाने सुरू होणारी. कंपनीची शंभरी जवळ आली तेव्हा संचालकबाईंनी अस्सलरावला बोलावून घेतलं. "तो नमुना उभा करा. शंभरीच्या दिवशी घाटमाथ्यावरून सगळ्या ससाण्यांच्या पुढे तोच उतरेल. अगदी पहिल्या दिवशी होता तसा हवा."

तसाच हवा म्हटल्यावर अस्सलरावच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्याने गाडी पार हाडांपर्यंत उघडली. आणि नाकाच्या आत, बंपरच्या पाठीमागे, त्याला एक लोखंडी ठोकळा दिसला. ओबडधोबड ओतलेला, गचाळ जोडकाम, रंग नाही, नंबर नाही. नकाशे काढून बघितले तर त्यांतही नाही. रस्त्यावरच्या ससाण्यांच्या नाकात असे ठोकळे निघतात हे त्याला माहीत होतं. बंपर लवकर चेपू नये म्हणून विकणाऱ्यांनी ते नंतर घुसडले असणार, अशी त्याची जुनी समजूत होती. तोच ठोकळा कधीही विकायला न गेलेल्या गाडीत निघाला, तेव्हा तरी त्याने थबकायला हवं होतं. तो थबकला नाही. नंबर नव्हता ना! त्याने ठोकळा कापून काढला आणि दालनातल्या काचेच्या कपाटात, नकली आरसे आणि खोट्या चाकटोप्यांच्या शेजारी मांडला. कपाटावर पाटी होती: 'भेसळ'.

तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण ससाणे बाळगणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, त्यांचं त्रैमासिक निघायचं, आणि त्यात अस्सलरावचा शब्द म्हणजे अगदी काळ्या दगडावरची रेघ. त्याने सणसणीत लेख लिहिला. शंभरीच्या दिवशी गाड्यांना गुण देणारा परीक्षकही तोच होता. नाकात ठोकळा दिसला तर गुण कापणार, असं त्याने ठणकावून सांगितलं. महिन्याभरात मंडळातल्या एकूण एक गाडीवाल्याने आपापला ठोकळा काढून भंगारात दिला आणि त्याला आभाराची पत्रं धाडली.

गाडी चालवायचा मान मात्र त्याला स्वतःला घेता येत नव्हता. त्याचा डावा गुडघा क्लच दाबताना दगा द्यायचा. म्हणून त्याने संचालकबाईंकडे आपल्या लेकीसाठी शब्द टाकला. लेक कंपनीच्याच रंगखान्यात होती. दाराच्या बिजागरीखाली जुना निळा रंग नखाएवढा शिल्लक होता, त्यावरून तिने हुबेहूब तोच निळा कालवून दिला होता. "माझ्या पोरीने गाडीला रंग दिलाय, पहिल्यांदा बसेल तर तीच," तो म्हणाला, आणि बाई हो म्हणाल्या.

आदल्या दिवशी तिने गाडी एकटीनेच घाटमाथ्यावर नेऊन ठेवली आणि बसने घरी आली. "बाबा, काय पळते हो! आणि स्टिअरिंग इतकं हलकं झालंय, एका बोटाने फिरतंय. लोणी नुसतं."

"मी स्वतः ग्रीस भरलंय," अस्सलराव म्हणाला. त्या संध्याकाळी त्याच्याएवढा सुखी माणूस शोधून सापडला नसता.

शंभरीच्या सकाळी लेक लवकर उठून वर निघून गेली. अस्सलराववर एक काम होतं. ज्यांनी ससाणा आखला ते थोरले साहेब अजून हयात होते, नव्वदी ओलांडलेले, काठी टेकत चालणारे. त्यांना संग्रहालय दाखवायचं आणि मग व्हॅनमधून वर घेऊन जायचं. म्हातारा फारसा बोलत नव्हता. टिटवीपाशी जरा हसला, राजहंसापाशी तोंड वाकडं केलं. मग काचेच्या कपाटापाशी आला आणि तिथेच उभा राहिला.

"हा इथे काय करतोय?"

"तो होय? ती भेसळ, साहेब. कुणीतरी मागाहून घुसडलेला. नंबर नाही, नकाशात नाही. काढून टाकला."

"कुठल्या गाडीतून?"

"नमुन्यातून. आपल्या पहिल्या ससाण्यातून."

थोरल्या साहेबांनी काचेला तळवा टेकवला.

"तो मी घुसडलाय," ते म्हणाले. "या हातांनी. ते डाग बघ ना कसे आलेत. मला जोडकाम कधी जमलंच नाही. पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता."

तरी अस्सलरावच्या तोंडातून परीक्षकाचाच प्रश्न निघाला. "मग नंबर का नाही? नकाशात का नाही?"

"नकाशात दाखवला असता तर तो कशासाठी हे लिहावं लागलं असतं. मागे एवढं धूड टाकल्यावर नाक जमिनीला धरून राहत नाही, हे आम्हाला कधी कळलं? चाचणी घेणारा तो मुलगा घाटात गेल्यावर. तोवर जाहिराती छापून झाल्या होत्या. मालक म्हणाले, नाक जड करा, पण कागदावर काही नको, नंबर नको. म्हणून नंबर नाही, बाबा. मोडलेला नमुना मी सरळ केला, त्यात हा बसवला, स्वतः चालवून बघितला. त्यानंतर त्याच्याशिवाय एकही ससाणा कारखान्याच्या दारातून बाहेर पडला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

अस्सलरावने लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कपाटाची किल्ली संचालकबाईंकडे होती आणि बाई वर होत्या. त्याने भिंतीपाशी पडलेला जॅकचा दांडा उचलला आणि काच फोडली. ज्या माणसाने त्या दालनात कधी कुणाला मोठ्याने खोकू दिलं नव्हतं, त्याने काचांच्या चुऱ्यातून तो ठोकळा ओढून काढला, पोटाशी धरला आणि व्हॅनकडे धावत सुटला. मागून म्हातारा काठी टेकत येत होता. त्याला टाकून जावं असं अस्सलरावच्या मनात येऊन गेलं, पण तेवढा निगरगट्ट तो नव्हता.

घाटात रस्ता ओला होता. पहाटे सर पडून गेली होती आणि झाडांखालचे पट्टे काळे, चकचकीत दिसत होते. तिसऱ्या वळणावर प्रेक्षकांसाठी फळ्यांचं मचाण बांधलं होतं आणि फोटोवाल्यांनी तिकाटणी मांडली होती. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कठडा आणि त्यापलीकडे नुसती हवा. अस्सलरावने तिकडे बघायचं टाळलं.

माथ्यावर ससाण्यांची रांग लागली होती. लाल, पिवळे, हस्तिदंती, आणि सगळ्यांच्या पुढे निळा. त्याची लेक बॉनेटला टेकून कुणाशी तरी हसत होती. तिला धडधाकट बघून त्याला रडू फुटायचं बाकी होतं.

"अगं, फोन का घेत नाहीस?"

"पर्स आत आहे, बाबा. काय झालं? हा ठोकळा कशाला आणलात?"

त्याने सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं, आणि 'मी चुकलो' हे शब्दही आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले असावेत, कारण लेक त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बॉनेट उघडलं. दोघांनी मिळून ठोकळा नाकाच्या टोकाशी ठेवला, भोवती लाकडाचे तुकडे ठोकले आणि पट्ट्याने घट्ट आवळला. तिने बॉनेट दाबून बघितलं. नाक हललं नाही.

"झालं. आता ही धरून राहील," अस्सलराव म्हणाला.

"आणि बाकीच्यांचं काय?" लेकीने विचारलं.

ठोकळा एकच होता. बाकीचे भंगारात जाऊन वितळलेही असतील.

तो संचालकबाईंकडे गेला. त्या पाहुण्यांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "काच फोडलीत?"

"बाई, गाड्या थांबवा."

"कशावरून? नव्वदीच्या माणसाच्या आठवणीवरून? शंभरीच्या दिवशी मी माइकवर सांगू का, की आमची सगळ्यात लाडकी गाडी मुळातच सदोष होती आणि आम्ही ते दडवलं? कागद आहे का एखादा तुमच्याकडे?"

कागद नव्हता. कागद नसावा अशीच तर सोय केलेली होती. बाई पुन्हा पाहुण्यांकडे वळल्या.

मग तो गाडीवाल्यांकडे गेला. लाल ससाण्यात एक दंतवैद्य बसला होता, मंडळाचा अध्यक्ष, मोठा बोलघेवडा माणूस. "काय अस्सलराव! गुण कापायला आलात की काय? बघा, नाक उघडून बघा, ठोकळ्याचा मागमूस नाही."

"डॉक्टर, तो काढायला नको होता. गाडी नेऊ नका खाली."

दंतवैद्य आधी हसला, मग त्याने डोळे बारीक केले. "तुम्हीच लिहिलंत. मी तो लेख चौकटीत लावलाय. आणि आता आम्ही सगळे मागे राहायचं, खाली फक्त तुमची कन्या उतरणार, फोटो तिचा एकटीचा. वा! बाप असावा तर असा."

"माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगतो."

"शपथा कसल्या घेता? काल तुमच्याच पोरीने चालवली ना वर? काही झालं?" दंतवैद्याने काच वर केली. मागच्यांनी त्याचं बघून तेच केलं. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर ही माणसं स्क्रू बदलत होती, तो आता एका बंद काचेवरून दुसऱ्या बंद काचेकडे हात जोडत फिरत होता.

परत आला तेव्हा लेक गाडीत बसलेली होती, इंजिन चालू होतं.

"उतर," तो म्हणाला. "निदान तू तरी जाऊ नकोस."

"मी उतरले तर ते थांबणार आहेत का? दंतवैद्य पुढे होईल आणि सगळे सुसाट सुटतील. बाबा, माझ्या नाकात वजन आहे. मला काही होत नाही. रस्ता अरुंद आहे, मला ओलांडून कुणाला जाता येणार नाही. मी रांगत उतरते. मी हळू, तर सगळे हळू. शिव्या घालतील, घालू देत."

अस्सलरावला ते पटलं. इतकं पटलं, इतकं साधं आणि शहाणपणाचं वाटलं, की त्याचा जीव भांड्यात पडला. पोर आपल्यावर गेलेली नाही, आईवर गेली आहे, असंही वाटलं. त्याने खिडकीतून हात घालून तिच्या डोक्यावर ठेवला. "हळू जा, बाळा. वळणावर तर अगदीच हळू."

"हो हो," ती म्हणाली. निशाण पडलं आणि निळा ससाणा उतरू लागला.

माइकवरचा माणूस प्रत्येकाला ओरडून सांगत होता, अंतर ठेवा, अंतर ठेवा, प्रत्येकाचा फोटो वेगळा आला पाहिजे. दंतवैद्याला ते सांगायची गरज नव्हती. निळा ससाणा पहिल्या वळणाआड जाईपर्यंत तो मुद्दाम थांबून राहिला. मग त्याने इंजिन गरजवलं आणि लाल गाडी सुटली. तिच्या पाठोपाठ पिवळी, मग बाकीच्या. डोंगराच्या कुशीत एकेक दिसेनाशी झाली.

व्हॅनचं दार उघडं टाकून थोरले साहेब बसले होते. अस्सलराव त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. आपण निभावून नेलं असं त्याला वाटत होतं आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं.

"पोरीला काय सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

"हळू जा म्हटलं. ती रांगत उतरणार आहे. तिला ओलांडून कुणी जाणार नाही."

"आणि मागचे कसे गेले?"

"अंतर ठेवून गेलेत. जोरात सुटलेत जरा. पण ती दिसली की होतील हळू."

म्हाताऱ्याची काठी हातातून घसरली. त्याने ती उचलली नाही. "तू मला ठोकळ्याचं सगळं विचारलंस," तो म्हणाला. "कुणी बसवला, नंबर का नाही, नकाशात का नाही. तो मुलगा कसा गेला, ते नाही विचारलंस."

"नाक हलकं होतं म्हणून."

"नाक हलकं असलं तरी इंजिन ढकलत असेपर्यंत ही गाडी रस्ता सोडत नाही. काल ती चढावर धावली ना झकास? वेगाने नाही मारलं त्याला. तिसऱ्या वळणावर आत शिरला आणि समोर गवताने भरलेली गाडी, रेंगाळत चाललेली. घाबरून त्याने पेट्रोलवरचा पाय उचलला. कुणीही उचलेल, अरे, तो काही अपराध नाही. वळणात पाय उचलला की मागचं सगळं धूड पुढे यायला बघतं, आणि नाकात त्याला धरून ठेवायला काही नव्हतं. गाडी आडवी झाली आणि त्या गवताच्या गाडीवर जाऊन आपटली. तीही खाली गेली, गाडीवानासकट. ते तर इतिहासात अर्ध्या ओळीतही नाही." त्याने अस्सलरावची बाही पकडली. "आज वळणावर त्यांना समोर कोण दिसणार आहे?"

अस्सलराव रस्त्याच्या कडेला धावला. तिसरं वळण डोंगराच्या आड होतं, दिसत काहीच नव्हतं, नुसते आवाज वर येत होते. सगळ्यात पुढे एक इंजिन खालच्या सुरात गुरगुरत चाललं होतं. ते निळ्याचं, ते त्याने झोपेतही ओळखलं असतं. त्याच्या मागून बाकीची वरच्या पट्टीत, एकमेकांना चेव आणत जवळ येत होती. त्याने तिचं नाव घेऊन हाक मारली. माइकवरच्या माणसाच्या आवाजात ती हाक कुठे गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग ती वरची पट्टी एकाएकी तुटली. आधी एक इंजिन खाली आलं, लगेच दुसरं, मग तिसरं. माथ्यावरच्या लोकांना तो आवाज फार आवडला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. अस्सलराव तोवर दुखऱ्या गुडघ्यासकट उतारावरून धावत सुटला होता, कारण त्या टाळ्यांतून त्याला एवढंच ऐकू आलं होतं की खाली सगळ्यांनी पाय उचलले आहेत.